थोरलं जहाज, धाकटं जहाज

आम्हाला जहाजावर नेलं ते कापसावरच्या अळीनं. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं तेच आहे. दिंद्रुडला आमचं बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. त्या साली अळी अशी पडली की पाटोद्यापासून तेलगावपर्यंत ज्याच्या त्याच्या पाठीवर पंप. जितकी अळी तितकं औषध, आणि जितकं औषध तितकं कंपनीचं टार्गेट पुरं. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि कंपन्यांना दुकानदारांचे लाड करायची हौस आली होती. टार्गेट पुरं करणाऱ्याला जोडीनं सहल, तीही विमानानं सिंगापूर आणि पुढं सहा दिवस जहाजावर. लोकांच्या रानात अळी आणि आम्ही समुद्रात, हे मला तेव्हाही टोचलं होतं. पण खोटं कशाला सांगू, जायची हौसही तेवढीच होती.

परत आल्यावर गल्लीतल्या बायकांनी विचारून विचारून भंडावलं. उलट्या होतात का, न्हाणी कुठं असते, समुद्राचं पाणी खिडकीतून आत येतं का. या सगळ्याची उत्तरं मी इतक्यांदा दिलीत की आता झोपेतही देईन. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही, आणि सांगितली नाही म्हणूनच ती जास्त आठवते.

त्याआधी आमच्या मालकांची ओळख करून देते. मन्मथअप्पा त्यांचं नाव, मी 'हे'च म्हणते. आम्ही वीरशैव वाणी. आमच्यात लहानपणी दीक्षा झाली की गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीच्या डबीत लिंग आणि दोऱ्यानं ती डबी छातीशी. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, आणि मगच चहाचा घोट. ते अंगावेगळं करायचं नाही. आणि हरवलं, तर सापडेपर्यंत किंवा गुरूनं नवं बांधेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. हल्ली पुष्कळजण खुंटीला अडकवून कामाला जातात. आमचे हे त्यातले नव्हेत. आठव्या वर्षी बांधलेलं लिंग यांनी मुतखड्याच्या ऑपरेशनलासुद्धा काढू दिलं नव्हतं, डॉक्टरांशी भांडले होते.

सिंगापूर, पहिला दिवस

सिंगापूरबद्दल लिहीत नाही, तिथं आम्ही फक्त चार तास होतो आणि त्यातले दोन तास माझी चप्पल तुटली म्हणून दुकान शोधण्यात गेले. जहाज मात्र बघतच राहिले. मला वाटलं होतं, डोंगराएवढं असेल. हे पांढरंशुभ्र, छोटं, नीटनेटकं. त्या जहाज कंपनीची अशी दोनच जहाजं, एका साच्यातली. नावं इंग्रजी, जिभेला न वळणारी, म्हणून मी आपली थोरलं जहाज आणि धाकटं जहाज अशी नावं ठेवली. आम्ही थोरल्यावर. दोन्ही त्याच बेटांना फेऱ्या घालतात, पण एकमेकांच्या उलट्या दिशेनं, आणि वाटेत दोन ठिकाणी भेटतात, असं आमच्या खोलीचं बघणाऱ्या आग्नेलनं सांगितलं. आग्नेल गोव्याचा, पन्नाशीचा, गळ्यात क्रॉस. त्याची कोकणी आणि माझी मराठवाडी यांचं कसंबसं जमायचं.

थाट काय सांगू? आपल्याकडं लग्नात पंगत मोठी आणि वाढपी चार. इथं पंगतीपेक्षा वाढपी जास्त. जेवताना मागं माणूस उभा, पाण्याचा घोट घेतला की लगेच पेला भरणार. मला तर घास उतरेना, कुणी पाठीमागून मोजतंय की काय असं वाटायचं. टॉवेलाची घडी घालून त्याचा हंस करून पलंगावर ठेवायचे. शाकाहारी म्हणून सांगितलं तर उकडलेलं गाजर आणि एक पांढरं पाणी आणून दिलं, त्याला सूप म्हणायचं. आम्ही खोलीत जाऊन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आग्नेललाही दिलं. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दुसरं मागितलं.

आमच्याबरोबर औषध कंपनीचे सावंत साहेब होते आणि वीसेक दुकानदार जोडीनं. त्यात तेलगावचे बाबुराव. त्यांचंही औषधाचंच दुकान, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांवर त्यांचा डोळा आणि त्यांच्यावर आमचा. तोंडाचे मोठे. कुणाच्या विजारीची नाडी लोंबली तरी महिनाभर आठवडी बाजारात सांगत फिरणार. त्यांच्यापुढं आपलं काही उणं दिसायला नको, हे मी घरून निघतानाच मनाशी ठरवलं होतं. सगळं तिथंच चुकलं.

त्या संध्याकाळी कवायत झाली. प्रत्येक खोलीत कपाटावर दोन नारिंगी जाकिटं होती, बुडायची वेळ आली तर तरंगायला. ती अंगात घालून सगळ्यांनी वर यायचं. एक गोरा अधिकारी प्रत्येकाच्या जाकिटावरचा दिवा बघत होता आणि वहीत काही लिहीत होता. बाबुरावांनी माझ्याकडं बघून जाकिटातली शिट्टी फुंकली. मी हसले. त्या अधिकाऱ्याच्या वहीकडं मी तेव्हा बघायला हवं होतं.

दुसरा दिवस

दुपारी कप्तानाबरोबर जेवण आणि फोटो. पुरुषांनी कोट-टाय घालायचाच. यांचा कोट माजलगावच्या शिंप्यानं शिवलेला, पण माप घेताना त्यानं डबीचा विचार केला नव्हता. शर्टाची बटणं लावली की मधोमध चांदीच्या डबीचा उंचवटा, त्यावर टाय तिरका. मी दोनदा सरळ केला, दोनदा सरकला. बाहेर बाबुराव दार वाजवत होते, चला म्हणून.

मी म्हणाले, "दोन तासांपुरतं काढून ठेवा. तिकडं बाबुराव हसंल, जन्माचा फोटो हाय."

यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला लगेच वाटलं, शब्द मागं घ्यावा. घेतला नाही. यांनी दोरा डोक्यावरून काढला. ती डबी तळहातावर घेऊन उभे राहिले, ठेवायची कुठं ते कळेना. पलंगावर चालत नाही. मेजावर कंपनीनं भेट दिलेली दारूची बाटली. खण उघडला तर त्यात जोडे पुसायचा ब्रश. हे खोलीभर फिरले आणि शेवटी कपाटावरचं जाकीट त्यांना दिसलं. उंच जागा, कोरं करकरीत, दारू नाही की चप्पल नाही. त्याला शिट्टी ठेवायचा एक कप्पा होता. हे म्हणाले, "जीव वाचवायसाठीच ठेवलंय, हितंच राहू दे." कप्प्यात डबी ठेवली, बंद लावला, नमस्कार केला.

जेवणात मी काय खाल्लं ते आठवत नाही. यांचा फोटो काढताना कप्तान शेजारी उभा होता. तेवढ्यात यांचा उजवा हात आपोआप छातीवर गेला. जन्माची सवय, कपडे सावरले की हात तिथंच जायचा. कप्तानाला वाटलं ही आपल्याकडची नमस्काराची रीत असेल, त्यानंही आपला हात छातीवर ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तीन वाजता खोलीत आलो. यांनी बूट काढायच्या आधी हात वर घातला आणि जाकीट ओढलं. कप्प्यात शिट्टी. दुसऱ्या जाकिटात शिट्टी. मी दोन्ही जाकिटं उलटी केली, झटकली. मग पलंगाखाली, कपाटात, न्हाणीत. हे मधोमध उभे होते, कोटातच. हे जोरात बोलतील असं मला वाटत होतं.

"आग्नेलला इचारतो," एवढंच म्हणून हे दाराकडं गेले.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, विचारलंत तर पाच मिनिटांत सावंत साहेबांना कळंल आणि दहा मिनिटांत बाबुरावांना. देव हरवलेला दुकानदार म्हणून बीड जिल्ह्यात नाव निघंल. इथंच असेल, आधी आपण शोधू. यांनी ऐकलं. जन्मात माझं इतकं सलग दोनदा कधी ऐकलं नव्हतं. आम्ही अडीच तास शोधलं. गाद्या काढल्या, धपाट्यांचा डबासुद्धा रिकामा केला.

जहाज पाचलाच पेनांग बंदराला लागलं होतं. साडेपाचला माझा धीर सुटला आणि मीच आग्नेलला हाक मारली. त्यानं जाकीट हातात घेतलं, उलटून दिवा बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाय, हे तुमचं नव्हे. हे नवं." काल त्या अधिकाऱ्यानं वहीत लिहिलं होतं की आमच्या बाजूच्या सगळ्या जाकिटांच्या दिव्यांची मुदत संपलीय. आम्ही जेवायला गेलो तेव्हा सगळी बदलली. जुनी कुठं? जुनी पाच वाजेपर्यंत खालच्या मजल्यावर ढिगानं पडली होती. आता दुरुस्तीला म्हणून धाकट्या जहाजावर गेली.

पाच वाजेपर्यंत. मी दाराला पाठ लावून उभी होते तेव्हा ती आमच्या पायाखाली दोन मजल्यांवर होती.

आम्ही तिघं वर पळालो. यांच्या पायात एकच बूट. धाकटं जहाज धक्क्यापासून निघालं होतं. तीच पांढरी भिंत, तशाच खिडक्या, वर तशीच माणसं हात हलवणारी. आपलंच जहाज आपल्याला सोडून चाललंय असं वाटत होतं. हे कठड्याला धरून उभे राहिले, ते दिसेनासं होईपर्यंत.

तिसरा दिवस

सकाळी यांनी अंघोळ केली, भस्म लावलं आणि रिकामा तळहात पुढं धरून बसले. मला ते बघवेना. मी माझ्या लिंगाची पूजा उरकली. मग हे मला म्हणाले की तू चहा घे. मी म्हटलं, तुम्ही पाण्याला शिवत नाही तोवर मीही नाही. चूक माझी आहे.

बाहेर ऊन असं की लोखंडी कठड्याला हात लागेना. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन कोरडं, इथलं ओलं, अंगातून पाणी नुसतं गळत राहतं. दहा वाजता यांचे ओठ पांढरे पडले. जहाज एका बेटापाशी थांबलं होतं, हिरवंगार, काचेसारखं पाणी, गोरे लोक उड्या मारत होते. इतकं सुंदर काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं आणि मला त्याचा राग येत होता. चोहोकडं पाणी, आमच्या माजलगावच्या धरणासारखी हजार धरणं मावतील एवढं, आणि यांची जीभ टाळूला चिकटलेली.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आग्नेलनं वायरलेसवाल्याला गाठलं, त्यानं धाकट्या जहाजाला निरोप दिला. दोन्ही जहाजं उद्या सकाळी पुढच्या बेटापाशी भेटणार होती. डबी सापडली तर नावेतून इकडं येईल. मी वायरलेसच्या खोलीबाहेर जमिनीवरच बसून राहिले. तासाभरानं उत्तर आलं. जाकिटं मोजली, सगळे कप्पे बघितले, काही नाही.

हे मी यांना कसं सांगितलं ते मलाच ठाऊक. हे पलंगावर पडून होते. यांनी डोळे मिटले.

"मग घरी जाईस्तवर," हे म्हणाले. "मठातले महाराज नवं बांधतील."

घर चार दिवसांवर होतं. मी भांडले. हात जोडले. मुलांची आठवण करून दिली. दुपारी सावंत साहेब जहाजाच्या गोऱ्या डॉक्टरणीला घेऊन आले. तिनं नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. सावंत साहेबांनी मराठीत सांगितलं की उद्या दुपारपर्यंत पाणी गेलं नाही तर मूत्रपिंडांचं खरं नाही, एकदा खडा झालेला माणूस आहे. सलाईन तरी लावू द्या. यांनी मान हलवली. शिरेतून गेलं तरी पाणीच ते.

त्या दुपारी मी एक काम केलं. न्हाणीत गेले, दार लावलं, नळ सोडला आणि ओंजळीनं पाणी प्याले. पोट भरून प्याले. तोंड पुसून बाहेर आले आणि यांच्या पायाशी बसले. मला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

सूर्य मावळायच्या बेताला दार वाजलं. बाबुराव. कळलं होतंच. मी मनात म्हटलं, आता हा चार दिवस पुरवून खाईल. ते आत आले, खुर्ची ओढून यांच्याजवळ बसले. मग माझ्याकडं वळले.

"कावून सांगितलं न्हाई, वैनी? काल तीन वाजताच सांगितलं असतं तर मी अख्ख्या बोटीत बोंबलत फिरलो असतो. त्यो ढीग मी माझ्या डोळ्यानं पायलाय, जिन्यापाशी."

ते जेवायला गेले नाहीत. ओला रुमाल करून यांच्या कपाळावर ठेवत राहिले, आणि पाण्याचा थेंब ओठांकडं ओघळू नये म्हणून दरवेळी नीट पिळून घेत होते.

चौथा दिवस

सकाळी यांना उठवेना. बाबुराव आणि आग्नेल यांनी दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं, यांचाच हट्ट होता. सापडलं नाही हे ठाऊक असून म्हणत होते, ते जहाज बघायचंय. डॉक्टरीण सुई घेऊन मागं उभी. तिनं सावंत साहेबांना बजावलं होतं, शुद्ध हरपली की मी कुणाला विचारणार नाही.

धाकटं जहाज आलं, बेटाच्या पलीकडून, हळूहळू. मध्ये थांबलं. तिथून एक छोटी नाव निघाली. त्यात टपालाची पिशवी, भाजीच्या पेट्या आणि चार खलाशी. मी त्या पिशवीकडं बघत राहिले. पिशवी वर आली, उघडली, नुसते कागद.

चौथा खलाशी सगळ्यांत शेवटी शिडी चढला. म्हातारासा, बुटका, कुठल्या देशाचा कोण जाणे. तो कुणाशी न बोलता एकेकाच्या गळ्याकडं बघत आमच्यापर्यंत आला. यांच्या कपाळावरच्या भस्माकडं बघितलं. मग त्यानं शर्टाच्या खिशाचं बटण काढलं आणि धुतलेल्या रुमालाची गाठ दोन्ही हातांनी पुढं धरली.

रुमालात डबी होती.

नंतर आग्नेलनं त्याच्याशी बोलून सांगितलं ते असं. जाकिटं चढवताना त्याच्या हाताला काही टणक लागलं. उघडून बघितलं, दोरा दिसला, म्हणजे कुणाच्या तरी गळ्यातलं. गळ्यातली वस्तू अंधाऱ्या गोदामात टाकायची नाही म्हणून त्यानं ती खिशात ठेवली. वायरलेस आला तेव्हा त्याची पाळी संपून तो झोपला होता आणि त्याला कुणी विचारलंच नाही, पण जाकिटं थोरल्या जहाजावरची हे त्याला ठाऊक होतं, म्हणून सकाळी आपणहून नावेत बसला. मोजणाऱ्यांनी कप्पे बघितले, ते रिकामेच होते. बोलताना त्यानं आपल्या शर्टातून एक पितळी पदक काढून दाखवलं, कसल्याशा देवीचं, आणि परत आत टाकलं.

यांनी तिथंच, त्या चकचकीत फळ्यांवर मांडी घातली. मी पेला भरून आणला. डाव्या तळहातावर लिंग, मी वरून पाण्याची धार धरली. यांचा हात हलत होता, बाबुरावांनी मनगट धरलं. ते पाणी हे तळहातावरून प्याले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गळ्याचा कंठमणी वर-खाली होताना मी बघत होते. गोरे लोक कडेला उभे होते, पण कुणी फोटो काढला नाही. डॉक्टरणीनं सुई पिशवीत ठेवली आणि ती रडायला लागली.

पेल्यात अर्धं पाणी उरलं होतं. यांनी ते माझ्यापुढं केलं.

"घे," हे म्हणाले. "काल चोरून पेलीस, आज उघड पी."

म्हणजे यांनी नळाचा आवाज ऐकला होता. ऐकून दिवसभर काही बोलले नव्हते. मी तो पेला तोंडाला लावला आणि तिथंच सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले.

त्या खलाशाला काय द्यावं ते आम्हाला सुचेना. शेवटी मी उरलेली शेंगदाण्याची चटणी दिली, डब्यासकट.

दिंद्रुड

उरलेल्या दोन दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. हे दिवसभर लिंबाचं सरबत प्यायचे आणि झोपायचे. घरी आल्यावर पहिल्या सोमवारी मठात गेलो. डबी परक्या हातांत गेली होती, महाराजांना सांगणं भाग होतं. महाराजांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "अंगावेगळं केलंच कावून?"

मी तोंड उघडलं. हे माझ्या आधी बोलले. "मीच काढलं. फोटूची हौस." महाराज बराच वेळ बोलले, संसारी माणसाच्या हौसेवर. हे मान खाली घालून ऐकत होते. मी शेजारी हात जोडून बसले होते. तेवढी हिंमत मला झाली नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, असं कशाला सांगितलंत? यांनी सायकल काढली आणि म्हणाले, दुकान उघडायला उशीर होतोय.

तो फोटो दुकानात टांगलाय. कोट छातीवर सपाट, टाय सरळ, शेजारी कप्तान, दोघांचे उजवे हात छातीवर. शेतकरी औषध घ्यायला येतात आणि म्हणतात, अप्पा काय रुबाबात उभे हायती. हे हसतात. बाबुराव आले की फोटोकडं न बघता चहा पितात.

लिंग मी काढायला लावलं होतं. शोधायला उशीरही मीच केला. यांनी हे कधीच कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाहीत, म्हणून मी लिहून ठेवलं.